लोखंडी रस्त्यावरचा थांबा

१

१६ एप्रिल १८५३ या दिवसाचे वर्णन मराठी वाचकाने इतक्या वेळा वाचलेले आहे की त्याचे एक ठरीव चित्रच होऊन बसले आहे. बोरीबंदर, १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान या नावांची तीन इंजिने, २१ तोफांची सलामी. दुपारी साडेतीनच्या सुमारास गाडी निघाली आणि ३४ किलोमीटर अंतर कापून ठाण्याला पोहोचली. या चित्रात सगळा भर गाडी निघण्यावर असतो. ती कुठे जाऊन थांबली, हे सांगायला आपण एक शब्द खर्च करतो आणि पुढे जातो. ज्या गावाच्या दृष्टीने त्या दिवशी खरे काही घडले, त्या ठाण्याच्या वाट्याला इतिहासकथेत वाक्याचा शेवट तेवढा येतो.

प्रस्तुत लेखात आम्हांला वाक्याच्या त्या शेवटापासून सुरुवात करायची आहे. निमित्त आजचे आहे. मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वे, जिला बोलण्यात आपण सर्वच जण बुलेट ट्रेन म्हणतो, ठाणे जिल्ह्यातून जात आहे. खाडीखालून तिचा बोगदा खोदला जात आहे आणि दिव्याजवळ म्हातार्डी येथे तिचे ठाणे स्थानक योजलेले आहे. या प्रकल्पाच्या बाजूने आणि विरोधात गेल्या दशकात विपुल लिहिले गेले. त्या लिखाणाचा विषय बहुधा वेग हाच असतो. एका बाजूला वेगाची आरती, दुसऱ्या बाजूला वेगाची टिंगल. मात्र ठाणे, दिवा, डोंबिवली आणि कल्याण या पट्ट्याचा पावणेदोनशे वर्षांचा रेल्वे-इतिहास वाचताना आम्हांला असे आढळले की येथील माणसांचे भवितव्य गाडी किती वेगाने धावते यापेक्षा ती कुठे थांबते, कोणासाठी थांबते, आणि कोणाच्या दारावरून न थांबता जाते, यावर ठरत आले आहे. द्रुतगती रेल्वेचे गुणदोष तोलायचे असतील तर हाच काटा हाती घ्यावा, असे आमचे म्हणणे आहे.

२

एकोणिसाव्या शतकातील मराठीने रेल्वेला प्रथम ‘लोखंडी रस्ता’ म्हटले, आणि गाडीला ‘आगीची गाडी’. पुढे त्या गाडीची आगगाडी झाली आणि लोखंडी रस्ता हा शब्द मागे पडला. तो मागे पडला याचे आम्हांला थोडे वाईट वाटते, कारण त्या शब्दात एक महत्त्वाची जाणीव होती. गाडी ये-जा करते, दृष्टीआड होते. रस्ता मात्र जमिनीवर कायमचा पडून राहतो. कोणाच्या तरी शेतातून, कोणाच्या तरी मिठागरातून तो जातो. त्याला पैसा लागतो, आणि तो पैसा कुणाच्या तरी खिशातून येतो.

हा खिसा कोणाचा, हा प्रश्न रेल्वेइतकाच जुना आहे. जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या मुंबईकर धुरीणांनी रेल्वेसाठी पुढाकार घेतला खरा. पण तिची आर्थिक चौकट लंडनमध्ये ठरली. ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी यांच्यात १७ ऑगस्ट १८४९ रोजी करार झाला. त्यानुसार रेल्वे कंपनीला ९९ वर्षांसाठी जमीन विनामूल्य मिळाली आणि गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी मिळाली. रेल्वेला नफा झाला नाही तर ती तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायची होती. भागधारकाला बुडण्याची भीती नाही म्हटल्यावर बांधकामात काटकसर करण्याचे कारण उरले नाही.

या हमीवर पुढे कडाडून टीका झाली. दादाभाई नवरोजींच्या संपत्तिनिःसारणाच्या सिद्धान्तात रेल्वेच्या व्याजाला महत्त्वाचे स्थान आहे. गणेश व्यंकटेश जोशी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रेल्वेवरील खर्च आणि पाटबंधाऱ्यांवरील खर्च यांची तुलना मांडली आणि शेतकऱ्याला आधी काय हवे, असा सवाल केला. गांधीजींनी तर १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये रेल्वेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. म्हणजे ‘आधी हे की आधी ते’ हा वाद बुलेट ट्रेनने जन्माला घातलेला नाही. आपल्या अर्थविचारातला तो जुना, प्रतिष्ठित वाद आहे, आणि त्यात भाग घेणारे लोक प्रगतिविरोधी होते असे म्हणण्याचे धाडस आज कोणी करणार नाही.

परंतु त्याच काळात दुसरेही काही घडत होते, आणि ते टीकाकारांच्या हिशेबात पुरते बसत नव्हते. देशी लोक गाडीत बसतील की नाही, जातीजातींचे लोक एका बाकावर शेजारी बसतील की नाही, अशी शंका आरंभी व्यक्त होत असे. लोकांनी ती फार लवकर मोडीत काढली. तिसऱ्या वर्गाचे डबे भरून वाहू लागले आणि उताऱ्यांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा तेथूनच येऊ लागला. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा रेल्वेला अवघी दहा वर्षे झाली होती. एवढ्या अवधीत लोखंडी रस्ता शहराच्या वर्णनाचा सहज भाग बनून गेला होता. नव्या गोष्टीचे नवल ओसरणे आणि तिची सवय होणे यांतले अंतर किती थोडे असू शकते, याचा हा दाखला आहे. जी रेल्वे साम्राज्याच्या सोयीसाठी, सैन्य आणि कापूस वाहण्यासाठी आखली गेली, ती थांब्याथांब्यावर चढणाऱ्या लोकांनी आपलीशी केली. जमाखर्चाच्या वहीत न मावणारा हा लाभ होता, आणि तो गाडी थांबली म्हणून झाला.

३

१ मे १८५४ रोजी रेल्वे ठाण्याहून कल्याणला पोहोचली. मधे खाडी होती, तीवर पूल बांधावा लागला. पलीकडे पारसिकचा डोंगर होता, त्याला वळसा घालून मुंब्र्यावरून मार्ग न्यावा लागला.

कल्याण हे काही नवे गाव नव्हते. कान्हेरीच्या लेण्यांत दाने कोरून ठेवणारे कल्याणचे व्यापारी दोन हजार वर्षांपूर्वीचे. उल्हास नदीच्या मुखाशी असलेले हे बंदर घाटावरच्या मालाची उतारपेठ होते. रेल्वे आली आणि प्रथम या बंदराचे महत्त्व गेले. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून गाड्या जाऊ लागल्या, तेव्हा तांड्यांचा आणि गलबतांचा धंदा कायमचा बसला. पण त्याच दोन घाटांच्या वाटा जेथे फुटतात ते जंक्शन म्हणून कल्याणला दुसरे आयुष्य मिळाले. येथे प्रत्येक गाडीला थांबावेच लागे. १८६४ मध्ये, म्हणजे गाडी आल्यानंतर दहा वर्षांनी, कल्याणमध्ये सार्वजनिक वाचनालय निघाले. ठाण्यात १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. ही ग्रंथालये रेल्वेने काढली असे आम्ही म्हणणार नाही. ती माणसांनी काढली. पण नोकरीसाठी मुंबईशी जोडलेला आणि राहायला आपल्या गावात असलेला जो सुशिक्षित वर्ग अशा संस्था चालवतो, तो टिकण्यात संध्याकाळी घरी आणून सोडणाऱ्या गाडीचा वाटा असतो.

डोंबिवलीचे उदाहरण याहून बोलके आहे. कल्याणला गाडी गेली तेव्हा डोंबिवलीला स्थानक नव्हते. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे झाले. विसाव्या शतकात गिरगाव-दादरच्या चाळींत न मावणारे मध्यमवर्गीय मराठी कुटुंब स्वस्त जागेच्या शोधात निघाले, ते या थांब्याच्या भरवशावर येथे उतरले. पु. भा. भावे आणि श. ना. नवरे यांच्यासारखे लेखक येथे राहिले. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा १९९९ मध्ये येथूनच सुरू झाली, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले. मराठी मध्यमवर्गीय संस्कृतीची राजधानी म्हणून ज्याचा थोडा अभिमानाने, थोडा थट्टेने उल्लेख होतो, ते शहर एका फलाटाभोवती उभे राहिलेले आहे. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या १२ लाख ४७ हजार आणि ठाणे महापालिकेची १८ लाख ४१ हजार होती. या वस्तीच्या मुळाशी शोधत गेले तर गाडीचा थांबा सापडतो.

आता उलट बाजू पाहू. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा खुला झाला. सुमारे १.३ किलोमीटर लांबीच्या या बोगद्याने मुंब्र्याचा वळसा वाचवला आणि जलद गाड्या सरळ जाऊ लागल्या. रेल्वेच्या दृष्टीने हे मोठेच काम होते. मुंब्र्याच्या दृष्टीने पाहिले तर जलद मार्गाने त्या गावाला नकाशातून वगळले. आपल्या भाषेत ‘जलद’ आणि ‘धीमी’ ही दोन विशेषणे लोकलच्या उद्घोषणांतून इतकी रुळली आहेत की त्यांतली मेख आपल्या लक्षात येत नाही. धीम्या गाडीचे इंजिन दुबळे नसते. ती अधिक ठिकाणी थांबते, एवढाच तिचा ‘धीमेपणा’. जलद गाडी जी मिनिटे वाचवते ती कोणत्या तरी फलाटावरच्या माणसांकडून उसनी घेतलेली असतात. हे वाईटच आहे असे नाही. कल्याणच्या पलीकडून, कसारा-कर्जतहून येणाऱ्याला ती मिनिटे फार मोलाची असतात. पण ती फुकट नसतात, एवढे भान ठेवावे.

४

या पट्ट्यातून जाणाऱ्या एका गाडीचे चरित्र येथे उपयोगी पडेल. १ जून १९३० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने मुंबई–पुणे दरम्यान डेक्कन क्वीन सुरू केली. विजेच्या इंजिनावर धावणारी ही त्या काळातली द्रुतगती गाडीच. आरंभी ती शर्यतींच्या शौकिनांची, शनिवार-रविवारची गाडी होती. तिला पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचा डबा तिला लागला तो १९५५ मध्ये. म्हणजे मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा विषय झालेली, पासधारकांनी आपले कुटुंब मानलेली ही ‘दख्खनची राणी’ पहिली पंचवीस वर्षे सामान्यांसाठी बंदच होती.

बुलेट ट्रेनचे समर्थक हे उदाहरण आपल्या बाजूने वापरू शकतात, आणि ते गैर होणार नाही. श्रीमंतांची म्हणून सुरू झालेली सोय हळूहळू सर्वांची होते, असा त्याचा अर्थ लागतो. मात्र ती ‘हळूहळू’ आपोआप झाली नाही. मधे स्वातंत्र्य आले, वर्गांची फेररचना झाली, तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला मत मिळाले. सोय खाली झिरपली म्हणण्यापेक्षा ती मागून घेतली गेली, हे अधिक खरे.

मागून घेण्याची किंमत काय असते ते दिवा स्थानकाने दाखवले. दिवा हे जंक्शन आहे. पनवेल-कोकणकडे आणि वसईकडे जाणारे फाटे येथून निघतात. तरीही जलद लोकल येथे थांबत नव्हत्या. वस्ती वाढत गेली, धीम्या गाड्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. २ जानेवारी २०१५ रोजी सकाळी गाड्यांचा खोळंबा झाला आणि प्रवाशांचा उद्रेक होऊन आंदोलन हिंसक बनले. हिंसेचे समर्थन कोणी करू नये. पण ज्या मागणीसाठी लोक वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या करीत होते, ती जलद थांब्याची मागणी १८ डिसेंबर २०१६ रोजी मान्य झाली, ही नोंद इतिहासाने करून ठेवली आहे.

ठाणे–दिवा पाचव्या आणि सहाव्या मार्गिकेची कथा वेगळी, पण याच जातीची. २००८ मध्ये मंजूर झालेले हे काम फेब्रुवारी २०२२ मध्ये पुरे झाले. ९ किलोमीटरच्या आसपासचे अंतर, सुमारे ६२० कोटी रुपये खर्च आणि १४ वर्षे. त्यानंतर लांब पल्ल्याच्या गाड्या पारसिक बोगद्यातून आणि जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने जाऊ लागल्या. ९ जून २०२५ रोजी सकाळी याच मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचा निर्णय रेल्वेने जाहीर केला. म्हातार्डीचे नियोजित द्रुतगती स्थानक या वळणापासून काही किलोमीटरवर आहे. बुलेट ट्रेनचा विचार ठाणे जिल्ह्यात करायचा तो हा शेजार लक्षात ठेवून.

५

आता प्रकल्पाकडे वळू. १४ सप्टेंबर २०१७ रोजी नरेंद्र मोदी आणि शिंझो आबे यांच्या हस्ते अहमदाबाद येथे त्याचे भूमिपूजन झाले. एकूण लांबी ५०८ किलोमीटर, त्यांपैकी सुमारे १५६ महाराष्ट्रात. स्थानके बारा, वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर ही चार महाराष्ट्रातली. चालवण्याचा वेग ताशी ३२० किलोमीटर. मूळ अंदाज १,०८,००० कोटी रुपयांचा होता, तो पुढे वाढत गेला. त्यातील ८१ टक्के रक्कम जपानकडून ५० वर्षांच्या मुदतीने, ०.१ टक्का व्याजाने, पहिली १५ वर्षे परतफेड नाही अशा अटींवर कर्जाऊ मिळायची होती. १८४९ च्या पाच टक्क्यांच्या हमीशी ताडून पाहिले तर हा व्यवहार फारच उदार दिसतो, आणि तो तसा आहेही. मात्र कर्ज येनमध्ये आहे आणि रुपयाची येनमधील किंमत ५० वर्षे स्थिर राहील असे कोणी धरून चालू नये. शिवाय स्वस्त कर्जासोबत जपानी तंत्रज्ञान घेण्याचे बंधनही आले.

समर्थनाचा सर्वांत बळकट मुद्दा जपानच्याच इतिहासात आहे, आणि तो वेगाचा नाही. १ ऑक्टोबर १९६४ रोजी तोकियो–ओसाका दरम्यान शिंकान्सेन सुरू झाली, त्यामागचे खरे कारण जुन्या तोकाइदो मार्गाची कोंडी हे होते. देशातील एकूण लोहमार्गाच्या सुमारे तीन टक्के लांबीच्या त्या मार्गावर देशातील रेल्वे-वाहतुकीचा जवळपास चौथा हिस्सा पडत होता. नवा मार्ग बांधून लांबचे प्रवासी तिकडे वळवले की जुना मार्ग मालगाड्यांना आणि स्थानिक गाड्यांना मोकळा मिळतो, हा तो विचार. तो यशस्वी झाला. गाडी घसरून वा धडकून तेथे आजवर एकाही प्रवाशाचा जीव गेला नाही, ही गोष्ट मुंब्र्याच्या वळणावर उभे राहून ऐकणाऱ्याला परीकथेसारखी वाटेल. पण ती खरी आहे. तेथेही खर्च अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला होता. त्यापायी रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य अभियंते हिदेओ शिमा यांनी पदे सोडली. ज्या गाडीसाठी त्यांनी आयुष्य वेचले तिच्या उद्घाटनाला ते दोघेही नव्हते. तेव्हा ‘खर्च वाढला, सबब कल्पना चुकीची’ हा युक्तिवाद पुरेसा नाही.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या इतिहासातला आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. पहिल्या दिवसापासून तेथे दोन प्रकारच्या गाड्या होत्या. ‘हिकारी’, म्हणजे प्रकाश, मोजक्या ठिकाणी थांबे. ‘कोदामा’, म्हणजे प्रतिध्वनी, सर्व स्थानकांवर थांबे. योकोहामा शहराच्या बाहेर, शेतांच्या मधोमध, शिन-योकोहामा नावाचे स्थानक बांधले होते. १९६४ मध्ये तेथे फक्त कोदामा थांबत असे. पुढे स्थानकाभोवती शहर वाढले, शहराच्या मार्गिका तेथपर्यंत आल्या, थांब्यांची संख्या वाढली, आणि २००८ पासून त्या मार्गावरची प्रत्येक गाडी तेथे थांबू लागली. शेतातल्या स्थानकाचे शहर होते, हे खरे. त्याला चार दशके लागतात आणि थांबे एकेक करून मिळवावे लागतात, हेही तितकेच खरे.

आपल्याकडेही दोन प्रकारच्या गाड्या योजल्या आहेत. मोजक्या थांब्यांची गाडी मुंबई–अहमदाबाद अंतर २ तास ७ मिनिटांत तोडेल. सर्व स्थानकांवर थांबणारी २ तास ५८ मिनिटे घेईल. या दोहोंतल्या ५१ मिनिटांत सगळा वाद सामावलेला आहे. जाहिरातीत दिसतो तो पहिला आकडा. ठाणेकराच्या उपयोगाचा असण्याची शक्यता अधिक तो दुसरा.

६

ठाणे-कल्याण पट्ट्यापुरता लाभाचा हिशेब मांडला तर तो शून्य येत नाही. आज डोंबिवलीच्या माणसाला सुरत-बडोद्याची गाडी धरायची तर बहुधा दादर, बोरिवली किंवा वसई गाठावी लागते. भिवंडीच्या यंत्रमागांचा आणि सुरतेच्या कापडबाजाराचा संबंध जुना आहे. या लोकांना दिव्याजवळ स्थानक मिळणे ही खरी सोय आहे. भिवंडी तालुक्यात देखभालीचे आगार होत आहे, त्यातून काही रोजगार येईल. वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा सुमारे २१ किलोमीटरचा भाग भूमिगत आहे, त्यांपैकी ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून; त्यामुळे रोहितांच्या अभयारण्याचा पृष्ठभाग बऱ्याच अंशी वाचतो. बोगद्याच्या घणसोली–शिळफाटा भागातले खोदकाम सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाले. आपल्या अभियंत्यांनी आणि कामगारांनी यातून जे शिकून घेतले ते अन्यत्र उपयोगी पडेल, हाही लाभच.

तोट्याची बाजूही तितक्याच स्वच्छपणे मांडली पाहिजे. पहिली गोष्ट अशी की तोकाइदोचा युक्तिवाद येथे लागू पडलाच तर तो पश्चिम रेल्वेला पडतो. अहमदाबादकडचे प्रवासी वळले म्हणून कल्याण-कसाऱ्याच्या मार्गावरची एकही गाडी कमी होत नाही. मुंबई–नाशिक–नागपूर आणि मुंबई–पुणे–हैदराबाद या द्रुतगती मार्गांचा अभ्यास करण्याचे ठरले होते. कल्याणच्या कोंडीला हात घालायचा तर तो त्या दिशांनी घालावा लागेल. दुसरी गोष्ट रुळांच्या रुंदीची. फ्रान्समध्ये १९८१ मध्ये सुरू झालेली द्रुतगती गाडी नवा मार्ग संपला की जुन्या रुळांवरून पुढच्या गावांना जाऊ शकते, कारण रुंदी एकच आहे. आपली नवी रेल्वे १,४३५ मिलिमीटरच्या रुळांवर धावेल आणि जुनी १,६७६ वर. त्यामुळे नव्या गाडीचा लाभ स्थानकाच्या दाराशी संपतो; तेथून पुढे तो न्यायचा तर दुसरी गाडी तेथे येऊन थांबली पाहिजे. दिवा–पनवेल मार्गावरचे दातिवली स्थानक जवळ आहे, कल्याण–तळोजा मेट्रोचे काम सुरू आहे. हे सर्व पादचाऱ्याच्या पायाने जोडले गेले नाही, तर म्हातार्डीला उतरलेला प्रवासी रिक्षाच्या रांगेत उभा राहील.

तिसरी गोष्ट भाड्याची. या गाडीच्या भाड्याची तुलना सुरुवातीपासून वातानुकूलित प्रथम वर्गाशी केली गेली आहे. लोकलचा मासिक पास काढणाऱ्या माणसाच्या आयुष्यात ती गाडी वर्षाकाठी एखाद्या वेळी येईल. चौथी गोष्ट जमिनीची. शीळ, आगासन, बेतवडे, म्हातार्डी ही आगरी वस्तीची गावे. खाडीपलीकडे नवी मुंबई उभी राहताना याच समाजाने जमिनी दिल्या आणि योग्य मोबदल्यासाठी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन केले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. पालघरच्या आदिवासी गावांनी या प्रकल्पाला ग्रामसभांचे ठराव करून विरोध केला. १८४९ प्रमाणे जमीन आता फुकट घेतली जात नाही, मोबदला मिळतो, हा निश्चितच फरक आहे. तरी ज्याच्या शेतातून रस्ता जातो आणि ज्याच्या गावात गाडी थांबत नाही, त्याला तो मोबदला म्हणजे एकदाच दिलेले उत्तर वाटते. पाचवी गोष्ट कांदळवनांची. मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतली सुमारे २२ हजार कांदळझाडे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये अटींसह परवानगी दिली. भरपाईदाखल झाडे लावता येतात; ज्या खाजणात कोळ्याची मासळी वाढते ते खाजण दुसरीकडे लावता येत नाही.

राज्याच्या तिजोरीचाही एक प्रश्न आहे. महाराष्ट्र आणि गुजरात यांनी प्रत्येकी ५,००० कोटी द्यायचे ठरले. मार्गाची लांबी मात्र एकाकडे १५६ किलोमीटर आणि दुसऱ्याकडे सुमारे ३४८. स्थानके चार आणि आठ. पैसा समान आणि थांबे निम्मे, असा हा हिशेब आहे.

७

‘आधी लोकल सुधारा, मग बुलेट ट्रेन आणा’ ही घोषणा सर्वांच्या परिचयाची आहे. भूमिपूजनानंतर पंधराच दिवसांनी, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली, आणि या घोषणेला जो करुण आधार मिळाला तो विसरता येण्याजोगा नाही. तरीही, ती घोषणा जशीच्या तशी आम्हांला मान्य नाही. जपानचे कर्ज याच कामासाठी होते. प्रकल्प झाला नसता तर ते पैसे दिव्याच्या फलाटावर आले असते असे नव्हे. पण पैशाहून दुर्मीळ अशी एक वस्तू असते, ती म्हणजे शासनाची निकड. एका कामासाठी मंत्र्यांच्या बैठका होतात, न्यायालयात तातडीने अर्ज जातात, भूसंपादनाचा रोजचा आढावा घेतला जातो; दुसऱ्या कामाला नऊ किलोमीटरसाठी चौदा वर्षे लागतात. अर्थात बुलेट ट्रेनही वेळेवर आलेली नाही. २०२२ चे लक्ष्य हुकले आणि गुजरातमधील पहिला टप्पा २०२७ मध्ये सुरू करण्याचे जाहीर झाले. गणेश व्यंकटेश जोशींचा जुना प्रश्न आज विचारायचा तर तो या निकडीच्या वाटपाविषयी विचारावा लागेल.

जमिनी गेल्या आहेत, खांब उभे राहिले आहेत, बोगदा खोदला जात आहे. मार्ग हवा की नको, या वादाची वेळ ठाणे जिल्ह्यापुरती टळून गेली आहे. आता उरला आहे तो थांब्याचा वाद, आणि तो अजून जिंकता येण्याजोगा आहे. ठाणे स्थानकावर मोजक्या थांब्यांची गाडीही थांबणार का? दातिवली, दिवा आणि डोंबिवली येथून पायी वा एका तिकिटात त्या स्थानकात जाता येणार का? पहिल्या दिवसापासून कमी भाड्याचा एखादा डबा असणार, की डेक्कन क्वीनसारखी पंचवीस वर्षे वाट पाहायची? आणि ज्या गावांनी जमीन दिली त्यांच्या मुलांना स्थानकात आणि आगारात काम मिळणार का? या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी मिळाली तर आम्ही या प्रकल्पाला ठाण्याच्या दृष्टीने लाभदायक म्हणू. मिळाली नाहीत, तर पारसिकच्या डोंगरापलीकडच्या माणसांसाठी तो ३२० किलोमीटर वेगाने जाणारा आणखी एक वळसा ठरेल.

१८५३ ची गाडी ठाण्याला थांबली ती ठाणेकरांनी मागितले म्हणून नव्हे. तेव्हा रूळच तेथे संपत होते. दिव्याला जलद लोकल थांबली ती लोकांनी मागितले म्हणून. म्हातार्डीचे रूळ पुढे विरारकडे जातात, तेव्हा तेथला थांबाही मागूनच घ्यावा लागेल, आणि वेळापत्रक छापले जाण्यापूर्वी घ्यावा लागेल.